गिरणगावची दप्तरे : कामगार इतिहासाच्या जतनाचा आढावा

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत सुरू झालेला संप रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही. त्या दिवशी ऐन पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. त्याच्या आधीची, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मोर्चे काढलेली पिढी जवळजवळ संपली आहे. साठेक गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात होते. त्या गिरण्यांच्या जागेवर बहुतेक ठिकाणी आता मॉल, कचेऱ्या आणि निवासी मनोरे उभे आहेत. लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, वरळी, नायगाव, भायखळा या गिरणगाव म्हटल्या जाणाऱ्या पट्ट्यातल्या कष्टकऱ्यांचा सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास कुठे शिल्लक आहे, तो कोण राखते आणि कोणापर्यंत पोहोचतो, याचा हिशेब आताच मांडायला हवा. आणखी दहा-पंधरा वर्षांनी साक्षीदार उरणार नाहीत. या विषयावर काम थोडे झालेले नाही. अभ्यासक, कार्यकर्ते, चित्रपटकार, वास्तुरचनाकार आणि स्वतः कामगार अशा अनेकांनी आपापल्या परीने ते केले आहे. त्यांच्यात मतभेदही आहेत, आणि ते खरे मतभेद आहेत. ते क्रमाने मांडताना माझे एक म्हणणे शेवटपर्यंत धरून ठेवणार आहे: जतन झाले की नाही हे ठरवताना, ज्यांचा तो इतिहास आहे त्यांच्या घरच्यांना तो शोधता येतो का, वाचता येतो का आणि कामी आणता येतो का, हे आधी पाहावे.

सरकारी कागदातला कामगार

कावसजी नानाभाई दावर यांच्या कंपनीची ताडदेवची गिरणी १८५६ साली चालू झाली. त्यानंतर वीस वर्षांच्या आत, १८७५ मध्ये, मुंबई सरकारने गिरण्यांतल्या कामाच्या चौकशीसाठी पहिला आयोग नेमला. पुढे १८८१ चा कारखाना कायदा, त्यामागून आणखी आयोग, १९२१ मध्ये सरकारचे लेबर ऑफिस आणि त्याचे ‘लेबर गॅझेट’, १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपानंतरची फॉसेट समिती, १९२९ चा शाही श्रम आयोग, अशी कागदांची रास वाढत गेली. देशातल्या दुसऱ्या कुठल्याही कामगार वस्तीबद्दल इतके लिहिले गेले असेल असे वाटत नाही. त्यातले काही कागद आजही वाचणाऱ्याला खिळवून ठेवतात. लेबर ऑफिससाठी फिंडले शिरास यांनी १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. कामगाराच्या पोटात जाणारे धान्य मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या शिध्याहून कमी भरते, असे तीत आढळले. हा निष्कर्ष चळवळीच्या पत्रकातला नाही, सरकारी अहवालातला आहे, म्हणून त्याचे वजन अधिक.

पण सरकारला कामगार दिसतो तो संप, साथ किंवा दंगल झाली की. कामावर सुरळीत जाणारा, पाळी संपवून खोलीवर येणारा माणूस या दप्तरात फारसा नाही. दप्तर कशासाठी ठेवले गेले, याची खूण त्याच्या प्रत्येक पानावर असते. २० मार्च १९२९ रोजी कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांना पकडून मीरत कटाचा खटला उभा केला गेला. धाडींत जप्त झालेली पत्रे आणि कागद पुराव्यात दाखल झाले आणि त्यामुळेच टिकले. आरोपींत अर्जुन आत्माराम आळवे हे साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेले गिरणी कामगार होते. त्यांनी न्यायालयात दिलेले निवेदन हे त्या काळच्या विणकराच्या आयुष्याचे, त्याच्याच तोंडून आलेले, एक दुर्मीळ कथन आहे. कामगाराचे आत्मवृत्त हाती लागायला त्याच्यावर कटाचा खटला भरावा लागला, ही वस्तुस्थिती या साऱ्या साधनसामग्रीबद्दल पुष्कळ सांगते.

याच कागदांवर अभ्यासाची पहिली मोठी इमारत उभी राहिली. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ च्या ग्रंथात मुंबईला मजूर मिळत नव्हते, गावाकडच्या ओढीमुळे ते टिकत नव्हते, या समजाला धक्का दिला. बेशिस्तीचे खापर मजुरांवर फोडण्याऐवजी मालकांच्या कामाच्या पद्धतीकडे त्यांनी बोट दाखवले. रिचर्ड न्यूमन यांनी १९१८ ते १९२९ या काळातल्या संघटनांचा मागोवा घेतला. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात गिरणीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकले. चाळ, नाका, व्यायामशाळा, उधारीचा दुकानदार, मजूर भरती करणारा जॉबर आणि गाव यांच्या जाळ्यात कामगाराचे राजकारण कसे घडले, हे त्यांनी दाखवले. गावाशी असलेल्या नात्यामुळे कामगार कच्चा राहतो, असे मानले जात असे. त्याच नात्याच्या बळावर महिनोनमहिने संप चालवता येतो, हे चंदावरकरांनी पटवून दिले. बंगालच्या ताग कामगारांवर लिहिताना दीपेश चक्रवर्ती यांनी १९८९ मध्ये दुसरा मुद्दा मांडला होता: कागदपत्रांतली पोकळीसुद्धा पुरावा आहे, कारण कामगाराविषयी माहिती ठेवायची गरज मालकाला आणि सरकारला का वाटली नाही, हे ती सांगते. मुंबईपुरते बोलायचे तर पोकळी कमी आहे, पण ती नेमकी जिथे आहे तिथेच बहुसंख्य माणसे आहेत.

सांगितलेला इतिहास

ही पोकळी भरून काढायचा मोठा प्रयत्न मौखिक इतिहासाने केला. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या स्त्री-पुरुषांच्या मुलाखती घेऊन केलेले पुस्तक २००४ मध्ये इंग्रजीत आले आणि पुढे ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ या नावाने मराठीत. कामगार, कार्यकर्ते, शाहीर, चाळकरी यांच्या बोलण्यातून एका वस्तीचे शतक त्यात उभे राहते. त्याआधी पार्वतीबाई भोर यांची ‘एका रणरागिणीची हकिकत’ १९७७ मध्ये आली होती. ती पद्माकर चितळे यांनी शब्दांकित केली. हुबर्ट व्हॅन वेर्श यांनी १९८२-८३ च्या संपावरच्या अभ्यासात संपकऱ्यांना प्रश्न विचारून त्यांचा अनुभव नोंदवला. चित्रपटाच्या माध्यमात आनंद पटवर्धन यांनी १९९६ मध्ये बंद गिरण्यांच्या कामगारांवर लघुपट केला. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांच्या ‘साचा’ या माहितीपटात नारायण सुर्वे यांची कविता आणि सुधीर पटवर्धन यांची चित्रे यांच्या आधाराने गिरणगाव समोर आले.

या पद्धतीवरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: माणसे विसरतात, तारखा चुकवतात, जुने दिवस सोनेरी करून सांगतात. आक्षेप खरा आहे. एकाच संपाबद्दल दोघेजण वेगळे सांगतात, आणि पंचेचाळीस वर्षांनंतर सांगणारा मधल्या सगळ्या पराभवांतून त्या दिवसाकडे पाहत असतो. यावर इटलीतले अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचे उत्तर मला अजूनही सर्वांत समाधानकारक वाटते. तेर्नीच्या पोलाद कारखान्यातला लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीने मेला. तिथले कामगार मात्र त्याचा मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात झाला असे सांगत. तारीख चुकली, पण त्या चुकीतून कामगारांच्या मनात कोणता लढा मोठा होता हे कळते. हेही तेव्हाच कळते, जेव्हा खरी तारीख सांगणारा कागद शेजारी असतो. त्यामुळे कागद विरुद्ध आठवण हा वाद मला निरर्थक वाटतो. दोन्ही एका ठिकाणी, एकमेकांशी ताडून पाहता येतील असे ठेवलेले असणे ही खरी गरज आहे, आणि तसे ते आज क्वचितच आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलाखत द्यायला कोण मिळते? ज्याला बोलायची सवय आहे तो. म्हणजे पुढारी, शाखेचा कार्यकर्ता, गेटसभा गाजवलेला माणूस. संपात न गेलेला, मधेच कामावर परतलेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा सभासद राहिलेला कामगार आपले सांगायला कचरतो, आणि विचारणाराही त्याच्याकडे सहसा वळत नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने त्याच संघटनेला कापड उद्योगात एकमेव मान्यता मिळत राहिली, आणि दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालच्या १९८२ च्या संपात वेतन-बोनसइतकाच हाही कळीचा मुद्दा होता. मग त्या बाजूच्या सामान्य सभासदाचे म्हणणे नोंदवल्याशिवाय संपाचा इतिहास पुरा कसा होणार?

साचेखात्याचे दार

आता या क्षेत्रातला सर्वांत जुना आणि अजून न मिटलेला वाद. गिरणगावचा इतिहास वर्गाचा की जातीचा? डाव्या चळवळीने लिहिलेल्या इतिहासात कथा साधारणपणे १९०८ पासून जोर धरते. त्या वर्षी टिळकांच्या शिक्षेविरुद्ध कामगारांनी सहा दिवस संप केला; पुढे आयटक, गिरणी कामगार युनियन आणि लाल बावटा. या मांडणीत नारायण मेघाजी लोखंडे ‘पूर्वपीठिके’त जातात. लोखंडे सत्यशोधक होते, १८८० पासून ‘दीनबंधू’ चालवत होते; मिलहँड्स असोसिएशन त्यांनी उभी केली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली त्यामागे त्यांचे कष्ट होते. मनोहर कदम यांनी लोखंड्यांच्या चरित्रातून हा क्रम बदलायला लावला आणि कामगार चळवळीचा आरंभ महात्मा फुले यांच्या परंपरेत दाखवला. याला प्रत्युत्तर असे की लोखंडे यांचे काम अर्ज-विनंत्यांचे होते, सभासद-वर्गणी असलेली आधुनिक संघटना ती नव्हे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. तरी आपल्या गाऱ्हाण्यांना वर्तमानपत्रातून जाहीर रूप देणे हे संघटनेचेच पाऊल होते. त्याला केवळ पूर्वतयारी म्हणणे मला पटत नाही.

जातीचा प्रश्न प्रत्यक्ष यंत्रापाशी जाऊन पाहिला की वादाचे स्वरूप बदलते. साच्यावर धोटा (शटल) सतत इकडून तिकडे धावतो आणि त्यातली सुताची कांडी काही मिनिटांत संपते. नवी कांडी भरताना सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावे लागे. ते काढायची सर्वांत झटपट रीत म्हणजे भोकाला तोंड लावून श्वासाने सूत ओढणे. तोच धोटा दुसऱ्या पाळीच्या विणकराच्या ओठांना लागणार. या कारणावरून अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात शिरू दिले जात नसे, आणि साचेखाते हे गिरणीतले चांगल्या पगाराचे खाते. त्यांच्या वाट्याला सूतकताईच्या रिंगखात्यातली आणि इतर कमी मजुरीची कामे आली. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा पुढे आणला. हा अन्याय असेल तर त्याला आपण जबाबदार नाही, असे मालकांनी म्हटले. अडवणूक सहकाऱ्यांकडून होत असल्याने त्यांना तसे म्हणता आले. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्धच्या संपात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले. जातीचा विषय काढल्याने कामगारांच्या एकजुटीच्या इतिहासाला तडा जातो, असे काही जुन्या कार्यकर्त्यांचे मत आहे. पण कोणाला किती मजुरी मिळत होती हेच धोट्याशिवाय समजत नाही. आणि १९३८ ची एकजूट किती अवघड होती, हे १९२८ माहीत असल्याशिवाय कसे कळावे?

स्त्रियांच्या बाबतीत पोकळी आणखी मोठी आहे. १९२० च्या दशकात गिरण्यांतल्या दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. वायंडिंग आणि रीलिंग ही त्यांची खाती, तिथे नायकिणी त्यांच्यावर देखरेख करत. रात्रपाळीवरची बंदी, बाळंतपणाच्या रजेचा कायदा आल्यावर मालकांनी घेतलेला आखडता हात आणि नव्या यंत्रांमुळे झालेली कपात यांतून हे प्रमाण पुढच्या दशकांत उतरत गेले. राधा कुमार यांच्या अभ्यासामुळे ही प्रक्रिया समजते. पण ज्या बाया गिरणीच्या मस्टरवर कधीच नव्हत्या त्यांचे काय? एकट्याने राहणाऱ्या हजारो कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या गिरणगावच्या अर्थव्यवस्थेचा कणा होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, त्यामुळे त्यांची संघटित नोंद झाली. त्याआधीच्या पिढ्यांचा हिशेब त्यांच्या उधारीच्या वहीबरोबर गेला. मदनपुऱ्यातले उत्तर भारतातून आलेले मोमीन विणकर आणि वरळी भागातले तेलुगू पद्मशाली विणकर यांच्या बाबतीतही असेच घडले आहे. ‘गिरणगाव म्हणजे मराठी वस्ती’ या ठसठशीत प्रतिमेत ते मावत नाहीत. त्यांचे कागद आणि आठवणी उर्दू-तेलुगूत असल्याने मराठी संग्राहकाच्या हातीही लागत नाहीत.

चिमणी, संग्रहालय आणि घर

इमारतींच्या जतनाचा प्रश्न १९९१ नंतर उभा राहिला, तो जमिनीच्या भावामुळे. त्या वर्षीच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला, अशी वाटणी घातली. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती आली. ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या ती हिशेबातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. शहराला मिळणारी जमीन त्यामुळे फार आटली आणि शेड पाडण्याला वेग आला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करून आराखडा सुचवला होता; तो बाजूलाच राहिला.

इमारती वाचवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे, की जागा नाहीशी झाली की आठवणीला आधार राहत नाही. विरोधी म्हणणे कामगार संघटनांचे: चिमणी वाचवून आमच्या पोटात काय पडणार, आधी घर द्या. फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात आजही उभी आहे, आणि तिथे येणाऱ्याला ती एक देखणा खांब म्हणूनच दिसते, हे या दुसऱ्या बाजूचे बिनतोड उदाहरण आहे. नुसती वास्तू राखली तर कामगाराचा इतिहास राखला जात नाही, हे मान्य करायला हवे. मात्र घर आणि वास्तू यांतले एकच निवडा, असा पेच मुळात जमिनीच्या वाटणीने निर्माण केला, कामगारांनी किंवा वास्तुरचनाकारांनी नव्हे.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले. कामगार पुढाऱ्यांची आणि अभ्यासकांची अशा संग्रहालयाची मागणी जुनी होती. इथला वाद हे संग्रहालय कशाचे असावे याचा आहे: कापडाचे आणि यंत्रांचे, की कापड विणणाऱ्यांचे? तळे, भित्तिचित्रे, कारंज्यावरचा ध्वनि-प्रकाश खेळ यांनी लोक येतात, आणि लोक येणे वाईट नाही. पण दालनात उभ्या केलेल्या साच्यापाशी धोट्याची ती गोष्ट सांगितली जाणार की नाही, संपाचे दालन असणार की नाही, आणि बंद गिरण्यांच्या कचेऱ्यांतली मस्टर बुके तिथे वाचायला मिळणार की नाही, यावर त्याची योग्यता ठरेल. दादरची इंदू मिल, म्हणजे इंडिया युनायटेडचीच सहा क्रमांकाची गिरणी, बाबासाहेबांच्या स्मारकाला मिळाली आहे. एकाच समूहाच्या दोन गिरण्यांवर दोन स्मरणस्थळे होत असताना १९२८ आणि १९३८ ही वर्षे दोन्ही ठिकाणी एकमेकांना जोडून दाखवता येतील. तशी ती दाखवली जावीत, असे मला मनापासून वाटते.

पिशवीतले कागद

आता त्या संग्रहाकडे वळतो, ज्याला कोणी संग्रह म्हणत नाही. दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या गिरणी कामगार संघर्ष समितीने व इतर संघटनांनी वर्षानुवर्षे लढून कामगारांसाठी घरांचा हक्क मिळवला. त्यासाठी दीड लाखांहून अधिक अर्ज आले, आणि २०१२ मध्ये म्हाडाची पहिली सोडत निघाली. अर्जदाराला गिरणीत काम केल्याचा पुरावा द्यायचा होता. मग माळ्यावरच्या ट्रंका उघडल्या. गिरणीचे तिकीट, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीची पावती, ईएसआयचे कार्ड, सेवेचा दाखला, युनियनच्या वर्गणीची पावती असे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माणसे रांगेत उभी राहिली. कित्येकदा ती कामगाराची विधवा होती, किंवा सावंतवाडी, पाटण, चंदगडकडून आलेला मुलगा. कुठल्याही अभिलेखागाराने आवाहन करून इतके कागद जमवले नसते. कागद टिकले, कारण त्यांचा उपयोग होता. या एका घटनेत जतनाची दिशा दिसते, असे मी म्हणतो ते यामुळेच. हक्काशी जोडलेला कागद लोक जिवापाड जपतात. स्मरणासाठी म्हणून मागितलेला कागद द्यायला त्यांना कारण सापडत नाही.

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा, की हक्काच्या निकषाने इतिहास आक्रसतो. घरांसाठीची पात्रता १९८२ च्या संपाच्या सुमारास कामावर असलेल्यांपासून सुरू होते. त्याआधी निवृत्त झालेले, कायम न झालेले बदली कामगार, खानावळवाल्या, गिरणीबाहेरचे हमाल या हिशेबात येत नाहीत. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सार्वजनिक संग्रहाची गरज आहे: हक्काने जे वाचले ते घ्यायचे, आणि हक्काच्या यादीत ज्यांना जागा नव्हती त्यांना मुद्दाम शोधायचे. दुसरा आक्षेप अभ्यासकांचा, की कुटुंबाचे कागद हा घराण्याचा इतिहास झाला, समाजाचा नव्हे. एकेक पिशवी सुटी पाहिली तर तसे वाटेल. हजारो सेवापुस्तिका एकत्र लावल्या तर मात्र कोणत्या तालुक्यातून कोणत्या खात्यात माणसे येत, बदलीवर किती वर्षे काढत, कोणत्या वयात आजारी पडत, हे दिसू लागेल. आयोगांच्या अहवालांत सरासरी मिळते, माणसाच्या नोकरीचा सलग प्रवास मिळत नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. या कागदांत क्षयाची नोंद आहे, कर्ज आहे, संपातली पोलीस केस आहे, कधी लपवून ठेवलेली जात किंवा दुसरे लग्न आहे. हे सगळे स्कॅन करून सर्वांना खुले करायचे का? मूळ कागद घरीच ठेवून प्रत संग्रहात घेणे, कुटुंबाच्या लेखी संमतीशिवाय नाव न दाखवणे, आणि आजार व पोलीस प्रकरणे ठरावीक काळ बंद ठेवणे, एवढे नियम सुरुवातीलाच बांधता येतात. मुलाखतींच्या जुन्या ध्वनिफितींना हेच लागू आहे. वीस-तीस वर्षांपूर्वी दिलेली तोंडी परवानगी आज इंटरनेटवर ठेवायला पुरेशी धरता येणार नाही.

पोहोचवणे, आणि जे सुटलेले नाही

काही पायाभरणी झालेली आहे. व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत १९९८ पासून श्रमिकांच्या इतिहासाचे डिजिटल अभिलेखागार आहे; ते असोसिएशन ऑफ इंडियन लेबर हिस्टोरियन्सच्या सहकार्याने उभे राहिले. महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेखागार मुंबईतच आहे. तरी वाचकापर्यंतचा रस्ता भाषेपाशी अडतो. अभ्यासाचा मोठा भाग इंग्रजीत झाला, सूचीही बहुधा इंग्रजीत असते, आणि ज्याचे आजोबा साचेखात्यात होते तो ‘साचेखाते’ हाच शब्द टाकून शोध घेणार. सूचीत गाव, तालुका, गिरणी, खाते आणि पाळी हे मराठीत नोंदवणे हे खर्चाचे काम नाही, चिकाटीचे आहे. दुसरीकडे, मराठीत जे आहे त्याचा आवाका मोठा आहे: मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’, सुर्व्यांची कविता, जयंत पवारांचे ‘अधांतर’, आणि अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक. साहित्याला थेट पुरावा मानू नये, हे इतिहासकारांचे म्हणणे योग्य आहे. पण शाहिरी मैदानात हजारो कामगारांसमोर गायली जाई. ती त्या काळची बातमी पोहोचवण्याची पद्धत होती, आणि तिच्याकडे त्या अंगाने अजून पुरेसे पाहिले गेलेले नाही. भजनी मंडळे, कामगार नाट्यस्पर्धा आणि गावकीच्या खोल्यांतल्या वर्गणीच्या वह्या यांचेही तसेच.

यातले सर्वांत मोठे अनिर्णित काम मुंबईबाहेर आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर इथे संपानंतर हजारो कुटुंबे परतली. मनीऑर्डरच्या पावत्या, पत्रे, गाव मंडळांची इतिवृत्ते आणि म्हातारी माणसे तिथे आहेत. त्यांच्यासाठी काळाचौकीचे संग्रहालय एसटीच्या रात्रभराच्या प्रवासाइतके दूर आहे. तालुक्याच्या ग्रंथालयात, शाळा-महाविद्यालयांच्या मदतीने, छोटे संग्रह करावेत की सारे मुंबईत एका छताखाली आणावे, यावर एकमत नाही. एका छताखाली जपणूक आणि सूची नीट होते. गावात ठेवले तर लोक येऊन पाहतात आणि भर घालतात. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, सूची मात्र एकच असावी. सोलापूरची जुनी मिल, नागपूरची एम्प्रेस मिल, अमळनेरची प्रताप मिल यांच्या वस्त्यांतही हाच प्रश्न आहे, आणि तिथे तर मुलाखतींचे कामसुद्धा मुंबईच्या मानाने फार थोडे झाले आहे. बंद गिरण्यांची मस्टर बुके आणि सेवानोंदी आज राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ, खासगी मालक, अवसायक आणि भविष्यनिर्वाह निधीची कचेरी यांच्यात विखुरलेल्या आहेत. घरांचे दावे निकाली निघाले की त्या कोणाच्या कामाच्या राहणार नाहीत, असे कचेरीला वाटू शकते. त्याआधी त्या सार्वजनिक नोंदी म्हणून ताब्यात घेण्याचा निर्णय शासनाने करायचा आहे, आणि तो मागण्याचे काम कामगार संघटना आणि अभ्यासक यांनी मिळून करायचे आहे.